पात्राचे पूर्ववृत्त : गुण की नाते?

१

कथात्म साहित्याच्या विचारात पात्राच्या स्वभावाची जेवढी चर्चा होते, तेवढी त्याच्या पूर्ववृत्ताची होत नाही. पात्र कथेत येण्यापूर्वी कोठे होते, कोणाचे होते, काय करीत होते, या प्रश्नांची उत्तरे लेखकाने सोयीनुसार द्यावीत आणि वाचकाने ती केवळ पार्श्वभूमी म्हणून स्वीकारावीत, असा एक अलिखित संकेत असतो. गेल्या अर्धशतकात मात्र असा एक कथनप्रकार पुढे आला आहे की, त्यात हे प्रश्न कथेच्या उंबरठ्यावरच विचारले जातात आणि त्यांची उत्तरे आस्वादकाने द्यावयाची असतात. रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखले जाणारे खेळ हा तो प्रकार होय. खेळ सुरू होण्यापूर्वी खेळाडू आपले पात्र घडवतो : त्याचे कूळ, त्याचा पूर्वीचा व्यवसाय, त्याचे बालपण. यानंतर साठ-सत्तर तास चालणाऱ्या कथेत या उत्तरांना काही अर्थ असावा की नाही, आणि असावा तर तो कोणत्या स्वरूपाचा, हा या प्रकाराच्या रचनाशास्त्रातील एक अवघड प्रश्न आहे.

हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो मूलतः व्यक्तिरेखेच्या संकल्पनेचा प्रश्न आहे, आणि भारतीय व मराठी प्रयोगपरंपरेने त्याचा विचार, निराळ्या परिभाषेत का होईना, केलेला आहे. प्रस्तुत विवेचनात प्रथम त्या परंपरेतील काही टप्पे पाहावयाचे आहेत, नंतर या खेळांचा इतिहास, आणि अखेरीस उरण तालुक्यातील मोरा या बंदरगावाच्या आधारे या दोहोंची पारख करावयाची आहे. मोऱ्याची निवड सहेतुक आहे. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाच्या उत्तरावर जमीन, नोकरी आणि नुकसानभरपाई ठरते, असा अनुभव जेथे पिढ्यांनी घेतला आहे, तेथे पूर्ववृत्ताचा अर्थ अमूर्त राहत नाही.

२

कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या नाटकाच्या सहाव्या अंकारंभी एक लहानसा प्रवेशक आहे. राजमुद्रांकित अंगठी बाळगल्याच्या संशयावरून एका धीवराला बांधून आणले जाते. अंगठी कोठून मिळाली हे सांगताना तो आपले ठिकाण व व्यवसाय सांगू लागतो, तेव्हा जात विचारलेलीच नाही असे रक्षक त्याला दरडावतो; आणि मासेमारीवर आपण जगतो हे तो सांगताच नगररक्षणाचा अधिकारी त्या उपजीविकेची टवाळी करतो. पुढे राजा अंगठी ओळखतो, धीवराला बक्षीस मिळते आणि तोच अधिकारी त्याचा मित्र बनू पाहतो. या छोट्या प्रवेशात पूर्ववृत्ताचे स्वरूप नेमके उघड होते. धीवराच्या अंगी असलेले कौशल्य, म्हणजे मासा पकडणे व चिरणे, यामुळे अंगठी सापडते खरी. परंतु तो चोर ठरतो तो त्याच्या कौशल्यामुळे नव्हे, तर विचारणाऱ्यांच्या दृष्टीमुळे. जात विचारली नाही असे म्हणणारा रक्षक तिच्याच आधारे वागत असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० मधील ‘संगीत शाकुंतल’मुळे हे कथानक मराठी रंगभूमीच्या पायाशीच येऊन बसले, ही गोष्टही येथे नोंदवावयास हवी.

महाभारताच्या आदिपर्वातील अस्त्रपरीक्षेचा प्रसंग याच कुळातला. अर्जुनाशी द्वंद्व करू पाहणाऱ्या कर्णाला कृपाचार्य कुल विचारतात आणि कर्ण निरुत्तर होतो. त्याचे धनुर्विद्येतील सामर्थ्य तसूभरही कमी झालेले नसते. द्वंद्वाचे दार मात्र बंद होते. दुर्योधन त्याला अंगदेशाचे राज्य देतो ते हे दार उघडण्यासाठी, आणि त्यातून जे ऋण निर्माण होते ते कर्णाला अखेरपर्यंत बांधून ठेवते. पूर्ववृत्त येथे अडसर म्हणून येते आणि ऋण म्हणून टिकते.

मराठी लोकप्रयोगांनी या प्रश्नोत्तराला प्रयोगाचा ढाचाच बनविले. उत्सवाच्या अखेरीस होणाऱ्या लळितात वासुदेव, गोंधळी, जोशी अशी सोंगे एकामागून एक येतात, त्यांची विचारपूस होते आणि ती आपली ओळख देतात. ही ओळख वर्णनात्मक नसून कार्यात्मक असते. वासुदेव कोण हे त्याने गावात काय करावयाचे आणि गावाने त्याला काय द्यावयाचे यावरून कळते. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून जी सोंगे घेतली त्यांतही हेच सूत्र आहे. जोहार या प्रकारात पैठणच्या ब्राह्मण कुळातील हा संतकवी गावच्या महाराच्या भूमिकेतून बोलतो, आणि त्या भूमिकेला अधिकार मिळतो तो गावकामगार म्हणून असलेल्या तिच्या स्थानातून : हा गावाचा चाकर आहे, म्हणूनच तो गावाचा हिशेब मांडू शकतो. अर्थात, उच्चवर्णीयाने घेतलेले सोंग आणि ते जिणे प्रत्यक्ष वाट्याला येणे यांतील अंतराचा प्रश्न येथे उरतोच, आणि त्याकडे पुढे परतावे लागेल.

या परंपरेतील सर्वांत बोधप्रद प्रकार दक्षिण कोकण आणि गोव्यातील दशावतार हा होय. आडदशावतार आणि आख्यान अशा दोन भागांत होणाऱ्या या प्रयोगाला पारंपरिक रूपात लिखित संहिता नसते. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळांतील नट आख्यानाची रूपरेषा जाणून घेऊन रंगभूमीवर उभे राहतात आणि गद्य संवाद तेथल्या तेथे रचतात. कालच्या जत्रेतील संवाद आजच्या जत्रेत जसाच्या तसा येईल याची शाश्वती नसते. पात्रांचे परस्परसंबंध मात्र ढळत नाहीत. नटाला पाठ असतात ती वाक्ये नव्हेत, तर नाती : कोण कोणाचा ऋणी, कोणी कोणाचा अवमान केला, कोणते वचन अपुरे आहे. याहून महत्त्वाचे असे की, समोरचा नट पुराणातील एखादा जुना प्रसंग अचानक काढू शकतो आणि त्याचे उत्तर तत्काळ द्यावे लागते. पात्राचे पूर्ववृत्त अशा रीतीने जितके त्या नटाच्या हाती, तितकेच प्रतिपक्षाच्याही हाती असते.

१८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हाही पद्ये सूत्रधाराची आणि गद्य भाषण पात्रांच्या समयस्फूर्तीचे अशीच वाटणी होती. पुढे वि. ज. कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकापासून लिखित संवादांचे नाटक स्थिरावत गेले आणि पूर्ववृत्त लेखकाच्या ताब्यात आले. त्यातून आधुनिक नाट्यवाङ्मय घडले. परंतु पात्राला कोणीही, केव्हाही त्याच्या भूतकाळाबद्दल हटकू शकते, ही शक्यता रंगभूमीवरून मागे सरली.

३

भूमिकाधारी खेळांचा आधुनिक इतिहास १९७४ पासून, म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या बैठ्या खेळापासून मोजण्याची प्रथा आहे. त्यातील पात्राला बळ, बुद्धी इत्यादी सहा गुणांचे फाशांनी ठरणारे आकडे होते, योद्धा वा जादूगार असा वर्ग होता. पूर्ववृत्त असे काही नव्हते. ते लवकरच आले. ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या अंतराळविषयक खेळात पात्राची पूर्वीची नोकरी चार-चार वर्षांच्या खंडांत फाशांनी ठरविली जाई, आणि खेळ सुरू होण्यापूर्वीच, पूर्ववृत्ताच्या टप्प्यातच, पात्र दगावण्याचीही शक्यता असे. भूतकाळाला किंमत असते, ही जाणीव येथे प्रथमच नियमबद्ध झाली असे म्हणता येईल.

संगणकीय खेळांनी या प्रश्नाला स्थूलमानाने तीन प्रकारची उत्तरे दिली. पहिले उत्तर पूर्ववृत्त पुसून टाकण्याचे. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील नायक वारंवार बंदिवान म्हणून अवतरतो; ‘स्कायरिम’मध्ये (२०११) तो वधस्तंभाकडे नेला जात असतो आणि त्याच्यावर आधीचे कोणतेही बंधन असल्याचे कथेला ठाऊक नसते. खेळाडूला यात पूर्ण मोकळीक मिळते. दुसरे उत्तर आकड्यांचे. ‘माउंट अँड ब्लेड’ (२००८) पित्याचा व्यवसाय, बालपण आणि तारुण्य यांविषयी प्रश्न विचारते आणि उत्तरांचे रूपांतर कौशल्यांच्या गुणांत करते. एकदा ते गुण पदरी पडले की शिकाऱ्याचा मुलगा आणि व्यापाऱ्याचा मुलगा यांच्याकडे जग जवळजवळ सारख्याच नजरेने पाहते.

तिसरे उत्तर नात्यांचे, आणि ते दुर्मीळ आहे. ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ (१९९९) या खेळाचा नायक स्मृतिभ्रष्ट आहे, वरवर पाहता हे पुसून टाकलेलेच पूर्ववृत्त. परंतु तो विसरला असला तरी जग विसरलेले नाही. त्याच्या पूर्वीच्या जन्मांनी फसविलेले, वचनात अडकविलेले, उद्ध्वस्त केलेले लोक त्याला भेटत राहतात. त्याचा एक सोबती तर अशाच जुन्या शपथेने त्याच्याशी जखडलेला असतो. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) मध्ये सहा भिन्न प्रारंभकथा आहेत. खुज्यांच्या भूमिगत नगरीत जातिबाह्य म्हणून जन्मलेल्या पात्राच्या चेहऱ्यावर त्याच्या जन्माचे चिन्ह गोंदलेले असते. पुढे तेच पात्र सन्माननीय योद्धा होऊन त्या नगरीत परतते, तेव्हा चिन्ह पाहणाऱ्यांची पंचाईत होते : मान द्यावा तर जन्म आड येतो, न द्यावा तर पद आड येते. एकाही आकड्याविना येथे पूर्ववृत्त कृतिशील होते.

ही वाट सर्वांनी का चोखाळली नाही, याचे कारण व्यावहारिक आहे. प्रत्येक पूर्ववृत्तासाठी निराळे संवाद लिहावयाचे, ते नटांकडून ध्वनिमुद्रित करून घ्यावयाचे, त्यांचे परिणाम तपासावयाचे, म्हणजे श्रम आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) मध्ये भटक्या, रस्त्यावरचा पोर आणि कंपनीचा अधिकारी असे तीन जीवनमार्ग दिले होते. अल्पशा निराळ्या प्रस्तावनेनंतर तिन्ही एकाच कथेत मिळतात आणि मागे उरतात ते मुख्यतः काही अधिकचे संवाद-पर्याय. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा साहसप्रधान खेळ भूमिकाधारी प्रकारात मोडत नाही, तरीही त्याची नायिका कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे आणि तिचे पूर्ववृत्त तिच्या उड्यांत व कोलांट्यांत दिसते. देहात मुरलेले पूर्ववृत्त म्हणून ते लोभस आहे. मात्र राक्षसांशी झुंजणाऱ्या त्या कथेत ‘तू कोणाची?’ असे विचारणारा समाज जवळजवळ नाही.

या संदर्भात मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील एक बदल विशेष अर्थपूर्ण आहे. २०१४ च्या आवृत्तीत खलाशी हे पूर्ववृत्त निवडणाऱ्याला एक सवलत होती : त्याला व त्याच्या साथीदारांना जहाजावर फुकट प्रवास मिळे, बदल्यात त्यांनी तांड्याला मदत करावयाची. लोकनायक हे पूर्ववृत्त असणाऱ्याला सामान्यजन आसरा देत. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत या सवलती गेल्या आणि त्यांच्या जागी गुणवाढ व एकेक कसब आले. खलाशाच्या वाट्याला आले ते गुत्त्यातील हाणामारीचे कसब. खलाशी असणे म्हणजे कोणत्या तरी जहाजाने आपल्याला आपले मानणे, ही कल्पना जाऊन तेथे मुठीची ताकद आली. नात्याचे गुणात झालेले हे रूपांतर या सबंध इतिहासाचे सार सांगते.

४

या बदलामागील हेतू मात्र सरसकट नाकारता येत नाही. या खेळांत पूर्वी गुणवाढ वंशावर अवलंबून होती. अमुक वंशाचा तो बळकट, तमुक वंशाचा तो चपळ. जन्माला गुण चिकटविण्याच्या या रीतीवर आक्षेप आले, २०२० मध्ये ती शिथिल झाली, आणि २०२४ मध्ये गुणवाढ वंशाकडून पूर्ववृत्ताकडे, म्हणजे प्रायः व्यवसायाकडे, नेण्यात आली. जन्म हातात नसतो, व्यवसाय हातात असतो, असे यामागील गृहीतक दिसते. ज्या समाजाने बलुतेदारी पाहिली आहे, त्याला हे गृहीतक मान्य होणे कठीण. येथे लोहार, कुंभार, न्हावी, कोळी हे व्यवसाय होते आणि जन्मही होते. वंशाच्या जागी व्यवसाय लिहिल्याने जन्माचा प्रश्न सुटत नाही. तो केवळ अधिक सभ्य रकान्यात जातो.

हे मराठी वाचकाला दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी शिकविले आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) : ही शीर्षकेच पाहावीत. यांतील एकही शब्द नायकाच्या अंगभूत गुणाचा निर्देश करीत नाही. ‘बलुतं’ हा गावाशी असलेल्या व्यवहाराचा शब्द आहे. ‘उपरा’, ‘अक्करमाशी’ आणि ‘उचल्या’ हे इतरांनी मारलेल्या हाकांचे शब्द आहेत. लेखकांनी ते शीर्षकस्थानी आणून उलटविले, हे त्यांचे वाङ्मयीन कर्तृत्व. एकनाथांच्या जोहारात आणि या आत्मकथनांत पडणारे अंतर येथेच आहे. सोंग प्रयोगाबरोबर उतरते. ही हाक उतरत नाही.

यातून एक गंभीर आक्षेप उद्भवतो. प्रत्यक्ष आयुष्यात पूर्ववृत्ताने ज्याला पदोपदी अडविले, त्याला निदान खेळात तरी कोणी कूळ विचारू नये, असे वाटले तर त्यात गैर काय? पुसलेल्या पूर्ववृत्ताचा नायक ही केवळ सुखवस्तूंची कल्पना नव्हे. ती सुटकेची कल्पनाही आहे. हा आक्षेप वजनदार आहे, आणि म्हणूनच पूर्ववृत्तशून्य नायकाचे खेळ असण्याला हरकत नाही. हरकत आहे ती मधल्या मार्गाला : जन्म आणि व्यवसाय विचारावयाचे, त्यांचे गुण द्यावयाचे, आणि त्यांच्यामुळे कोणी आडवे येते वा कोणी हात देते हे मात्र दडवावयाचे. जो खेळ प्रश्न विचारतो, त्याने उत्तराची किंमत जगाकडून वसूल केली पाहिजे.

५

या दृष्टीने मोऱ्याकडे पाहावे. मुंबई बंदराच्या पूर्वेस, घारापुरीच्या समोर, उरणच्या किनाऱ्यावर हे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात उरण ओळखले जाई ते मिठागरांसाठी आणि मुंबईला दारू पुरविणाऱ्या भट्ट्यांसाठी. मोरा आणि मुंबईचा भाऊचा धक्का यांमधील जलवाहतूक ही कित्येक पिढ्यांची मुंबईची वाट. येथे कोळीवाडा आहे, होड्या आहेत. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले. पुढे तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प आला, १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. दरम्यान जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना ही त्या लढ्याची फलश्रुती मानली जाते.

आता एखाद्या खेळात मोरा कोळीवाड्यातील तांडेलाची मुलगी हे पूर्ववृत्त द्यावयाचे आहे, असे समजू. रूढ पद्धतीने तिला पोहण्याचे दोन गुण, जाळे विणण्याचा एक गुण आणि उपजत धाडस मिळेल. हे सर्व खरे असू शकेल आणि तरीही त्यात मोरा नसेल. मोरा असेल तो अन्यत्र. मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचतो. मोठ्या ओहोटीच्या काळात लाँचसेवा काही तास थांबते. ही मुलगी पंचांग पाहून उधाण केव्हा आणि भांग केव्हा हे सांगू शकेल, आणि धक्क्यावर खोळंबलेले प्रवासी तिच्याकडे त्यासाठी वळतील. एखादा नाखवा तिला होडीत घेईल तो तिच्या बापाच्या नावावर. दुसरा त्याच नावासाठी घेणार नाही, कारण जुने देणे फिटलेले नसेल. मुंबईच्या धक्क्यावर तिची बोली ऐकून कोणी भाव पाडील, तर कोणी तीच ऐकून टोपली उतरवू लागेल. समुद्र मात्र तिचे नाव विचारणार नाही. ओहोटी सर्वांना सारखीच.

सरकारी कचेरीत तिच्या पूर्ववृत्ताला निराळेच रूप येईल. तेथे ते प्रकल्पग्रस्ताचा दाखला असते. शेतकऱ्याचे पूर्ववृत्त सातबाऱ्यावर लिहिलेले असते. ज्या खाडीवर कोळी जगला त्या खाडीला सातबारा नाही. पाण्यावरचा वहिवाटीचा हक्क सिद्ध कसा करावयाचा, हा या परिसरातील मच्छीमारांचा प्रदीर्घ प्रश्न राहिला आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण-पनवेल परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. ‘पारंपरिक मच्छीमार’ हे पूर्ववृत्त येथे न्यायालयीन मोजमापाचा विषय झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेमार्गाचेही उद्घाटन झाले. मुंबईची वाट यापुढे भरती-ओहोटीवर पूर्वीइतकी अवलंबून राहिली नाही. म्हणजे पूर्ववृत्ताचे मोल स्थिरही नसते. ओहोटीचे ज्ञान ज्या जगात सत्ता होती, ते जग बदलले की तेच ज्ञान आठवण होऊन बसते. गुणांच्या रकान्यात लिहिलेला आकडा हे दाखवू शकत नाही, कारण तो पात्राला चिकटलेला असतो आणि जग हलले तरी हलत नाही.

६

वरील विवेचनावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, परंतु तो स्पष्टपणे मांडता येतो. पूर्ववृत्ताची नोंद पात्राच्या पत्रकावर करून भागत नाही. ती इतर पात्रांच्या पत्रकांवर व्हावयास हवी. तांडेलाच्या मुलीचे पूर्ववृत्त नाखव्याच्या, कारकुनाच्या, दलालाच्या आणि शेजारणीच्या खात्यात लिहिले जावे : कोणाला तिचे काय देणे आहे, कोणाचे तिच्याकडे काय येणे आहे, कोणाला तिच्याविषयी कोणता संशय आहे. हजारो संवाद आधी लिहून ठेवण्याच्या खर्चाचा जो प्रश्न आहे, त्यावरही दशावतारी मंडळांच्या रीतीतून एक वाट सुचते. त्यांनी संवाद साठविले नाहीत, नाती साठविली. आणि त्या तुटपुंज्या भासणाऱ्या भांडवलावर रात्र-रात्र आख्याने उभी केली. जगातील मोजक्या व्यक्तींना, संस्थांना आणि ठिकाणांना पात्राच्या पूर्ववृत्ताविषयी निश्चित मागणी वा आडकाठी दिली, तर थोड्या संवादांतही त्याचे परिणाम दूरवर पोहोचू शकतात.

समीक्षेच्या बाजूनेही यात काही घेण्यासारखे आहे. व्यक्तिरेखेचे मूल्यमापन करताना तिचा स्वभाव सुसंगत आहे काय, हे जसे पाहिले जाते, तसेच तिच्या पूर्ववृत्ताची जबाबदारी कथेतील जग उचलते काय, हेही पाहिले जावे. कालिदासाच्या धीवराला अखेर बक्षीस मिळते, आणि अंगठीच्या मोलाएवढे धन हाती आल्यावर रक्षकांची नजर बदलते. त्याच्या अंगचा एकही गुण दरम्यान बदललेला नसतो. बदल झालेला असतो तो पाहणाऱ्यांत. आणि पूर्ववृत्ताचे सारे नाट्य तेथेच घडते.